कुसुमाग्रज कुठल्या फळीवर?

नाशकात पुस्तकांचं दुकान थाटलं की पहिला पेच पडतो तो कुसुमाग्रजांचा. कविता 'कुसुमाग्रज' नावाने, नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' नावाने. नावाप्रमाणे लावलं की एकच माणूस 'क' आणि 'श' अशा दोन फळ्यांवर राहायला जातो, आणि गिऱ्हाईक नेमकं चुकीच्या फळीपाशी उभं राहून विचारतं, "नाशकात दुकान आणि तात्यासाहेब नाहीत?" यावर उपाय एकच, दोन्हीकडे ठेवा. राम गणेश गडकऱ्यांना मात्र हा उपाय पुरत नाही. नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांच्या. आणि पु. ल. 'द'मध्ये ठेवले, तर ते विकत घ्यायला फक्त कॉम्प्युटर येतो.

कॉम्प्युटरची तऱ्हा आणखी वेगळी. अकारविल्हे यादी मागितली की 'क्ष' तो 'क'च्या पोटात घालतो आणि 'ज्ञ' 'ज'च्या. जोडाक्षरं आहेत, त्याचं चूक नाही. पण बालवाडीपासून 'क्ष, ज्ञ' शेवटी म्हणत आलेली आपली नजर तिथे जातच नाही. मग मलपृष्ठावरचा तेरा आकडी आयएसबीएन शोधायचा. आधी 978, मग भारताचे 81 किंवा 93. आकड्यांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणून बेरीज केली तर ती दहाच्या पटीत यायला हवी, नाहीतर कुठेतरी बोट घसरलंय. जुन्या मराठी पुस्तकांवर हा नंबरच नसतो, तिथे आपली स्मरणशक्ती आणि गिऱ्हाइकाची सहनशक्ती यांच्यावर भागवायचं.

आता खुद्द फळी. दोनशे पानी डेमी आकाराचं (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) पुस्तक साधारण पाव किलोचं. तीन फुटांत असली साठ-सत्तर मावतात, म्हणजे पंधरा-सतरा किलो. जाड बांधणीच्या कादंबऱ्या आल्या की हा आकडा सहज वर जातो. सुतार चार फुटी फळी सुचवतो, कारण उभे खांब कमी लागतात. ऐकू नका, वर्षभरात ती पाळण्यासारखी झुलते. तीन फूट, अठरा मिलिमीटर प्लाय, पुढच्या कडेखाली दीड इंची पट्टी. तळची फळी जमिनीपासून सहा इंच वर, नाहीतर लादी पुसणाऱ्या फडक्याचं पाणी चरित्रवाङ्मयाला लागतं. भिंतीपासून दोन इंच जागा सोडायची, कारण ऑगस्टात भिंतीला घाम फुटतो.

त्याच ऑगस्टात मुखपृष्ठं वर वळू लागतात. कारण साधं आहे: वरच्या बाजूला प्लॅस्टिकचा पापुद्रा, आत कागद. कागद ओल पिऊन फुगतो, पापुद्रा फुगत नाही, मग कव्हर बाहेर वाकतं. गिऱ्हाईक म्हणतं, "हे वापरलेलं दिसतंय, दुसरी प्रत दाखवा." दुसरीही तशीच असते, दोघी एकाच हवेत राहतात. रात्री दुकान बंद करताना वाकलेली पुस्तकं आडवी रचून वर शब्दकोश ठेवायचा. शब्दकोशाला सर्वाधिक मागणी आमच्या दुकानात या कामासाठीच आहे. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्या तर पुस्तक घरी नेल्यावर आजोबांच्या कोटासारखं वास मारतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक झटकलेलं बरं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की झटकायला भरपूर वेळ मिळतो, कारण सगळं गाव पूर बघायला गेलेलं असतं.

हिशोब मात्र झटक्यात संपतो. समजा तीनशेचं पुस्तक, कमिशन पस्तीस टक्के, म्हणजे 105 रुपये. गिऱ्हाइकाने "ऑनलाइन वीस टक्के मिळतात" म्हणत 60 सोडवून घेतले की 45 उरले. त्यातून भाडं, वीज, पार्सलचं भाडं आणि "जरा गिफ्टसारखं बांधून द्या"चा कागद.

आणि 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. आदल्या संध्याकाळी फोन येतो: बक्षिसासाठी पन्नास प्रती, सकाळी आठला, बिल शाळेच्या नावाने, पैसे एप्रिलमध्ये. त्या दिवशी तात्यासाहेबांचा मुक्काम दारातल्या टेबलावर, कविता-नाटकं एकत्र, कोणी काही विचारत नाही. 28 तारखेला टेबल पुसायचं आणि उरलेल्या प्रती घेऊन शिडी लावायची, आधी 'क'पाशी, मग 'श'पाशी.