रिले ट्रिप झाला नाही, पण होऊ शकला असता का?

परभणीत वसमत रोडच्या कडेचा कट्टा, जूनचा महिना. म्हणजे विषय एकच, पेरावं का थांबावं. कृषी केंद्रवाले त्यांचं नेहमीचं सांगायले होते: 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याबिगर सोयाबीन टाकू नका. वरच्या ओलीवर बी उगवतं, मग उघडीप पडली की कोंब करपतो, अन् दुबार पेरणी बोकांडी बसते. मागून कुणीतरी म्हणालं, "जे व्हायचं ते ठरलेलंच हाय. थांबून काय अन् पेरून काय."

झालं. पेरणी राहिली बाजूला, माणसाला स्वतःची इच्छा असते का, ह्यावर गाडी गेली.

सर (भौतिकशास्त्राचे, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात) म्हणाले, "ह्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. 'सगळं आधीच्या कारणांनी ठरतं' हा नियतिवाद. 'तुम्ही काहीही करा, व्हायचं तेच होणार' हा दैववाद. दुसरा मांडणारा आपल्याकडं बुद्धाच्या काळातच होता, मक्खली गोसाल. सुताची गुंडी फेकली की दोरा संपेपर्यंत उलगडत जाते, तसे सगळे जीव आपापली फेरी पुरी करतात, मधे प्रयत्नाला जागा नाही, असं त्याचं म्हणणं पाली ग्रंथांत नोंदवलंय. असल्या म्हणण्याला उत्तर ग्रीसमधल्या क्रिसिप्पस ह्या तत्त्वज्ञानं दिलं. रोगी बरा होणार हे ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही ठरलेलंच असणार. वैद्य वगळून बरं होणं ठरत नसतं."

"म्हणजे पर्जन्यमापक बघणं बी साखळीतच," कृषीवाले म्हणाले.

"साखळीतच. आणि ती कडी काढली तर पुढचं तसंच घडत नाही."

इथपर्यंत कुणाचं भांडण नव्हतं. भांडण पेटलं ते वकीलसाहेबांमुळं. त्यांचा मुद्दा: सगळं ठरलेलं असेल तर आधी सांगता आलं पाहिजे. 1814 मध्ये लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञानं तेच म्हटलं होतं, विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बलं ज्या बुद्धीला ठाऊक आहेत तिला भूत-भविष्य सारखंच दिसेल. आणि आपल्याला तर उद्याचा पाऊस सांगता येत नाही. मग ठरलेलं कसं?

सरांनी मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढलं. कुठलाही आकडा शून्य ते एकमधला घ्या. त्याला एकमधून तो वजा करून आलेल्या आकड्यानं गुणा, मग 4 नं गुणा. आलेलं उत्तर परत त्याच घाण्यात टाका. 0.3 नं सुरुवात केली: 0.84, 0.5376, 0.9943... दुसऱ्या मोबाइलवर कृषीवाल्यांनी 0.301 नं सुरुवात केली: 0.8416, 0.5332, 0.9956... तिसऱ्या पायरीपर्यंत जुळे भाऊ. आठव्याला एक 0.45 आणि दुसरा 0.72. दहाव्याला एक 0.04, दुसरा 0.62. नियम एकच, त्यात नशिबाचा कणही नाही. सरासरीनं दर पायरीला चूक दुप्पट होते, त्यामुळं सुरुवातीचा आकडा दशांशानंतर पंधरा स्थळांपर्यंत अचूक असला तरी साधारण पन्नास पायऱ्यांत सगळी अचूकता संपते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझला 1961 मध्ये हवामानाच्या गणितात हेच सापडलं. यंत्राच्या पोटात 0.506127 होतं, कागदावर 0.506 छापलेलं, त्यानं छापील आकडा परत भरला आणि हवामान भलतीकडंच गेलं.

ठरलेलं असणं वेगळं, सांगता येणं वेगळं. हे दोन्ही मिसळणारा माणूस चर्चेत अर्धा तास खातो, हे माझं मत, आणि वकीलसाहेबांनी तो खाल्ला.

"बरं," ते म्हणाले, "एक यंत्र हाय समजा. मी पुढच्या मिनिटाला चहा पिणार का नाही हे ते मला तोंडावर सांगतं. मी मुद्दाम उलटं करीन. यंत्र हरलं, म्हणजे मी स्वतंत्र."

मिस्त्री तोवर गप्प होते. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं काम. ते म्हणाले, "असं तर माझा कॉन्टॅक्टर बी करतो, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं मोटर चालू-बंद करणारा स्विच. कॉइलला सप्लाय त्याच्याच एनसी पॉइंटमधून द्या, म्हणजे कॉइल बंद असताना जोडलेला असतो त्या पॉइंटमधून. कॉइल ओढली की पॉइंट सुटला, सप्लाय गेला. सप्लाय गेला की स्प्रिंगनं परत बसला, सप्लाय आला. 'तू चालू हायस' म्हणलं की बंद, 'बंद हायस' म्हणलं की चालू. चटचटचट वाजत बसतो अन् पॉइंट जाळून घेतो. जुनी घंटी ह्याच्यावरच चालायची. तिला काय इच्छास्वातंत्र्य म्हणायचं?"

वकीलसाहेबांचा युक्तिवाद एका घंटीनं संपला. तोंडावर सांगितलेलं भाकीत खोटं पाडायला स्वातंत्र्य लागत नाही, उलटी जोडलेली एक तार पुरते.

मग कुणीतरी मेंदूचा प्रयोग काढला. तो काढल्याशिवाय हा विषय कुठंच संपत नाही. 1983 चा, मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा. माणूस वाटेल तेव्हा मनगट हलवतो. समोर घड्याळासारखा फिरणारा ठिपका, 2.56 सेकंदांत एक फेरी. 'हलवावं' असं ज्या क्षणी वाटलं तेव्हा ठिपका कुठं होता ते त्यानं सांगायचं. डोक्याला इलेक्ट्रोड. निकाल असा की मेंदूतला विद्युत चढ हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू होतो आणि 'हलवावं' ही जाणीव सुमारे 200 मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदूनं ठरवलं आधी, तुम्हाला कळलं नंतर!

सर इथं खवळतात. "तो चढ एका वेळच्या नोंदीत दिसतच नाही. काही मायक्रोव्होल्टचा असतो, मेंदूच्या बाकीच्या गोंगाटात बुडालेला. म्हणून 40 वेळा हलवायला लावायचं, हालचालीचा क्षण शून्य धरायचा आणि मागं मोजत सरासरी काढायची. अडचण तिथंच आहे. हालचाल झाली तेवढेच क्षण तुम्ही गोळा केले. चढ आला आणि हालचाल झालीच नाही, ते क्षण मोजणीत कुठं आहेत? 2012 मध्ये शुर्गर ह्या मेंदू-संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतली आपोआपची खालीवर हलती पातळी एका उंबऱ्याला टेकली की हालचाल होते, एवढंच धरलं तरी मागं मोजलेल्या सरासरीत तसाच चढ उगवतो. तो 'निर्णय' असायची गरजच नाही."

"आणि 2008 चा तो दुसरा प्रयोग? माणूस कुठलं बटण दाबणार ते मेंदूवरून दहा सेकंद आधी कळतं म्हणतात."

"डावं बटण का उजवं, ते सुमारे 60 टक्के वेळा बरोबर आलं. नाणं फेकून 50 येतात. शिवाय मनगट कधी हलवायचं ह्याला कारणच नसतं. पेरणीला असतं."

मला वाटतं सगळ्या संध्याकाळीतलं हे वाक्य कामाचं होतं. मनगट हलवायला कुणी पाऊस मोजत नाही, बियाण्याची पिशवी उघडण्याआधी मोजतो. इच्छा शोधायचीच असेल तर तिथं शोधावी.

क्वांटम भौतिकशास्त्रावर फार वेळ गेला नाही. अणूच्या पातळीवर योगायोग आहे असं धरलं तरी डोक्यात फासा पडून हात हलला तर तो माझा निर्णय कसा, यावर सगळे एक झाले.

मग खरा प्रश्न उरला. "वेगळं करता आलं असतं" म्हणजे काय? सर म्हणाले, व्हॅन इनवॅगन ह्या तत्त्वज्ञानं 1983 मध्ये ते कडक मांडलंय: सगळं ठरलेलं असेल, तर भूतकाळ माझ्या हातात नाही, निसर्गाचे नियम माझ्या हातात नाहीत, त्या दोन्हींतून जे अटळपणे निघतं तेही मग माझ्या हातात नाही.

मिस्त्रींनी चहाचे दोन ग्लास शेजारी ठेवले. "दोन स्टार्टर. दोन्हीला पाच एचपीची मोटर, फुल लोडला साधारण साडेसात अँपिअर, करंट वाढला की मोटर तोडणाऱ्या रिलेचा डायल तेवढ्यावर. ह्याचा रिले चांगला हाय. करंट वाढला की दोन धातूंची पट्टी तापून वाकते, लिव्हर ढकलते, 95-96 नंबरचा पॉइंट सुटतो, कॉइल पडते, मोटर बंद. ह्यालाच ट्रिप म्हणतात. ह्या दुसऱ्याला शेतकऱ्यानं 95-96 मधे वायरचा तुकडा टाकून डायरेक्ट केलंय. काल दिवसभर व्होल्टेज चांगलं, करंट सात. दोन्ही ट्रिप झाले नाहीत. तरी मी म्हणणार, हा होऊ शकला असता, तो नसता झाला. तपासताना मी तेच व्होल्टेज, तोच करंट परत देत नाही. करंट वाढवून बघतो."

वकीलसाहेब सरसावले. कायदा हेच विचारतो, म्हणाले. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, जुन्या दंड संहितेतलं 84: वेडाच्या भरात आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळायची कुवत नव्हती का? विश्व ठरलेलं आहे का हे कुठलंच कोर्ट विचारत नाही. पट्टी वाकू शकत होती का, एवढंच.

सर हटले नाहीत. "डायल कुणी लावला?"

"रिलेचा मी. माणूस आपला आपण थोडा थोडा फिरवतो. दुबार पेरणी झाली की पुढच्या साली कमी पावसावर पिशवी उघडत नाही."

"तो फिरवणारा हातही आधीच्या कारणांनीच हलला. सुधारण्यासाठी डायल फिरवणं मला समजतं. पण दोष देणं, हा त्याच लायकीचा म्हणणं, त्याला आधार काय? रिले खराब निघाला तर तुम्ही तो बदलता, मिस्त्री. त्याला शिव्या नाही देत."

"देतो की सर. रोज देतो."