हॅमरने टाइलला भोक पाडायचा सल्ला पुढे पाठवू नका

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ड्रिल मशीन हॅमरवर, म्हणजे फिरता फिरता ठोके मारायच्या सेटिंगवर, ठेवून टाइलला भोक पाडायचा. "टाइल, ग्रॅनाइट, कोटा, सगळ्याला भिंतीचाच बिट चालतो. वर टेप लावा, हॅमर चालू करा, दाबून धरा. पाणी नको, शॉक बसतो. डायमंड बिट ही दुकानदारांची कमाई, आपले जुने कारागीर कुठे डायमंड वापरायचे?" हे वाचून कुणी नव्या बाथरूमच्या टाइल फोडून घेऊ नयेत, म्हणून लिहितोय.

जुन्या कारागिरांचंच आधी घेऊ. खंभात आपल्या शेजारचं. तिथे अकीक या कठीण दगडाचे मणी विंधायची पारंपरिक रीत अशी: कमानीने फिरणारी बारीक सळई, टोकाला हिऱ्याच्या कण्या, आणि भोकावर थेंबथेंब पाणी. म्हणजे डायमंड आणि पाणी दोन्ही आलंच. त्याही आधीची, धोलावीराला सापडलेली हडप्पाकालीन गिरमिटं दगडाची आहेत, पण तीही फिरवून घासायचीच. कठीण दगडाला आरपार भोक पाडताना कुणी ठोकत नव्हतं.

हॅमर ठोकून चुरा करतो. वीट आणि काँक्रीटला ते मानवतं. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी शोषते, इतकी ती घट्ट आणि काचेसारखी असते. धक्का बसला की तडा थेट कडेपर्यंत धावतो. मागे मसाला नीट भरलेला नसेल तर आणखीच लवकर. आधी बोटाने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडूच नका.

"सगळ्याला एकच बिट" हेही खोटं. संगमरवर आणि कोटा हे चुनखडीच्या कुळातले, मोह्‌स या कठीणपणाच्या मापावर साधारण ३. हॅमर बंद ठेवून भिंतीचा बिट तिथे चालतो, फक्त कोट्याच्या कडेला जाऊ नका, पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्‌झ ७. तिथे आणि व्हिट्रिफाइडला पोकळ डायमंड बिटच हवा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला मात्र भाल्याच्या टोकाचा कार्बाइड बिट पुरतो. तिथेही डायमंडच घ्या असा आग्रह दुकानदार धरत असेल, तर मेसेजवाल्याची तक्रार रास्त आहे.

टेपने बिट सुरुवातीला घसरत नाही, एवढंच. तडा ती थांबवत नाही. डायमंड बिट तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा.

दाबून धरलं की बिट तापतो आणि हिऱ्याचे कण धरून ठेवणारा थर सुटतो. म्हणून पाणी. शॉकची भीती खरी आहे, पण त्यासाठी पाणी मशीनवर ओतायचं नाही. दुसऱ्याने स्प्रे बाटलीने फक्त टोकाशी मारायचं, किंवा बॅटरीची ड्रिल घ्यायची. कोरड्या घासणीत सिलिकाची धूळ उडते. खंभातच्या कित्येक अकीक कारागिरांची फुप्फुसं याच धुळीने गेली आहेत, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात.

टाइल पार झाली की बिट बदला. आता विटेत हॅमर खुशाल चालवा. टाइलमधलं भोक गट्टीपेक्षा (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या तुकड्यापेक्षा) किंचित मोठं ठेवा आणि गट्टी टाइलच्या मागे विटेत जाईल इतकी आत ठोका. ती टाइलमध्येच राहिली, तर स्क्रू पिळताना फुगते आणि तेव्हा टाइल तडकते.