रंग कुणावर गेला?

लेकीच्या हट्टापायी मी गप्पी माशांची जोडी आणली. नर निळा, शेपूट जरीच्या पदरासारखी. मादी राखाडी, पोटाशी काळा डाग. "बघा साहेब, पिल्लं बापासारखीच निघणार," म्हणत दुकानदाराने 300 रुपये घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी टाकीत 23 पिल्लं. दोन डोळे, एक शेपूट, मध्ये जवळजवळ काहीच नाही. सगळी मळकट.

त्या आठवड्यात आत्या मुक्कामाला होती. तिने चष्मा पुसून टाकीत डोकावून पाहिलं. "सगळी आईवर गेलीत. गरोदरपणी केशर दिलं असतंस तिला!" माझ्या बारशालाही "नाक आपलं, रंग आजोळचा" हा निकाल हिनेच दिला होता, असं आई अजून सांगते.

मी इरेला पेटून वाचायला बसलो. गप्पीची पिल्लं आधी राखाडीच असतात. नरांवर रंग चढायला महिना-दीड महिना जातो. रंगाच्या बऱ्याच नक्ष्या वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे येतात. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी हे 1920 सालीच दाखवून दिलंय. आत्याला मी हे छातीठोकपणे ऐकवलं.

दीड महिन्याने 11 नर रंगले. निळा एकही नाही! एकाच्या कमरेवर लोणच्याच्या तेलासारखा नारिंगी डाग, दुसऱ्याला काळी तीट, तिसरा अर्धवट पिवळा, कुणी पिचकारी मारून पळाल्यासारखा.

मग पुढचं पान वाचलं. गप्पीचं गरोदरपण साधारण चार आठवड्यांचं. शिवाय मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते.

"अहो, चार दिवसांत बाळंत झाली तेव्हाच कळायला हवं होतं," बायको म्हणाली. "आणि म्हणे बँकेत हिशेब बघता!"

आत्या फक्त "तरीच!" म्हणाली. निळ्याच्या वतीने मलाच अपमान झाल्यासारखं वाटलं. तो बिचारा अजून मादीपुढे शेपूट पसरून थरथरत होता.

वर आत्याचं केशरही अगदीच खोटं नव्हतं. नारिंगी डाग कुठे पडणार हे ठरतं बापाकडून, पण तो किती गडद होणार ते बरंचसं खाण्यावर. शेवाळातलं कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजरातही असतं ते रंगद्रव्य, पोटात गेलं की डाग खुलतो. हे मी तिला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी टाकीत वाटीभर किसलेलं गाजर. पाणी गढूळ, आणि वेळ माझा, बादल्या उपसण्यात.

मी पँट दुमडून पाणी बदलत असतानाच महापालिकेचा माणूस डेंग्यूची तपासणी करायला आला. कुंडीखालची ताटली पाहिली, कूलर पाहिला, टाकीपाशी थांबला.

"गप्पी ना हे? केवढ्याला घेतले?"

मी आकडा सांगितला. तो टॉर्च विझवून माझ्याकडे बघत राहिला.

"आमच्या ऑफिसात यायचं ना साहेब, पिशवी भरून फुकट दिले असते. बाकी अळ्या बऱ्या खातात का हे?"

"छे," आत्या आतून म्हणाली, "यांना गाजर लागतं."

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.