म्हणे नशीबवान!

"किती नशीबवान आहात गं तुम्ही, दारात हरणं येतात!" हे वाक्य यापुढे माझ्या ओसरीत कुणी बोललं, तर त्याला चहा मिळणार नाही. सांगून ठेवते.

गावातलं जुनं घर भावाभावांत वाटलं गेलं, म्हणून आम्ही शेतात नवं बांधलं. ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पाचा बफर, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीचा पट्टा, इथून हाकेच्या अंतरावर. स्लॅब झाला, टाइल्स झाल्या, मागे ऐसपैस सांदवाडी, म्हणजे परसबाग. वाटलं होतं, आता भाजी विकत घ्यायला नको. मेथी दोन पानांवर आली की चितळं हजर. पालक गेला, वालाचा वेल हात पोचेल तिथपर्यंत, म्हणजे त्यांचं तोंड पोचेल तिथपर्यंत, साफ. जास्वंदीला कळी दिसत नाही. देवाला फूल शेजारून मागून आणते मी, स्वतःच्या दारात चार झाडं असताना!

आणि तो शिंगाड्या नर! सत्तर-ऐंशी किलोचं धूड. शिंगांवरची मखमल घासायला त्याला अख्खं जंगल पुरलं नाही, माझं आंब्याचं कलमच सापडलं. साल अशी सोलली की आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं. शेण लावून सुतळी गुंडाळलीय, जगेल असं वाटत नाही.

सासूबाई म्हणतात, "खाऊ दे ना वं बाई, मुकं जनावर हाये थे." आणि सकाळी ताटावर बसल्या की त्याच विचारतात, "वरणात सांबार (म्हणजे कोथिंबीर) काहून नाही टाकला?" मुक्या जनावरानं खाल्ला ना, आई!

उपाय केले नाहीत असं नाही. जुनी लुगडी बांधली, पहिले काही दिवस बुजली, मग त्यांच्याखालून वाकून यायला लागली. कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं झटका मशीन आहे, पण ते तुरीला. तूर वाचली, म्हणून अख्खा कळप सांदवाडीत. थेट लाइटीचा करंट सोडणारे लोक असतात, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. ते पाप आम्हाला नको. दगड मारायचा नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नुकसानभरपाई विचारायला हे वनखात्यात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर पीक दाखवा. मेथीचा सातबारा कुठून आणू?

बरं, भाजी गेली चुलीत. चितळ जिथे येतं, तिथे त्याला खाणारा पण येतो, हे फोटो काढणाऱ्यांना कोण सांगणार? रात्री बाहेर चितळाचा तो कर्कश कॉल सुरू झाला की घरात कुणी बोलत नाही. पोरीची शिकवणी सुटते अंधारात, तर हे मोटरसायकल घेऊन आधीच फाट्यावर उभे. अंगणात खाट टाकून झोपायचं सुख जुन्या घरातच राहिलं. गोचिडांचं तर बोलूच नका, कुत्र्याच्या कानातून रोज वेचते.

आणि नागपूरची आमची नणंदबाई! मागल्या खेपेला कठड्यावर उभी राहून बिस्किटं टाकत होती. "बघ ना वहिनी, किती जवळ येतात!" येतीलच ना! तू जाशील सिव्हिल लाइन्सच्या फ्लॅटमध्ये, ती रोज संध्याकाळी माझ्या दाराशी माना वर करून उभी राहतात.

रविवारी पुन्हा येणार आहेत म्हणे, सोबत मोठ्या कॅमेऱ्यावाला कुणी मित्र. या. फक्त येताना बाजारातून भाजी घेऊन या, आणि सांबाराची जुडी वेगळी बांधून आणा.