‘कोड चालला म्हणजे झालं’ हे खरं नाही

आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. त्याचा मथितार्थ असा: वेबसाइट कोणी वाचत नाही, नुसती चाळतात, बारीक, फिका मजकूर ‘क्लीन’ दिसतो, ज्याला दिसत नाही त्याने झूम करावं, कोड मशीनसाठी असतो, चालला म्हणजे झालं, आणि आता एआय आलाय, तेव्हा वाचनीयतेचे चोचले पुरे. त्यावर भराभर अंगठे पडतात. मला यातला एकही निष्कर्ष मान्य नाही.

लोक चाळतात, एवढं मात्र खरं. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९७ मध्येच ते दाखवलं होतं: त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते, शब्द न् शब्द वाचणारे होते १६ टक्के. पण माणूस चाळतो ते कुठे थांबायचं हे शोधायला. शेवटची तारीख, पैसे परत मिळण्याची अट, अर्जासोबतचे कागद सापडले की तो अक्षर न् अक्षर वाचतो. म्हणजे चाळणाऱ्यासाठी मथळे, परिच्छेद आणि मोकळी जागा जास्तच नेटकी हवी.

झूमबद्दल. माझ्या आत्याने एका प्रवेशाचा अर्ज भर दुपारी एसटी स्टँडवर बसून फोनवर भरला. अर्जाची प्रिंट काढून, सही करून ती पुन्हा अपलोड करायची होती. ही सूचना पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत होती. “अरे, इथे काही लिहिलंय का? मला तर पांढरंच दिसतंय,” असं ती मला नंतर म्हणाली. तोवर अर्ज बाद झाला होता. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे ती, वाचायला चुकणारी नव्हे.

वेबच्या सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत (डब्ल्यूसीएजी), त्यांत साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) सांगितला आहे. डिझायनरांचा लाडका ‘हॅश ९९९’ या कोडचा करडा रंग पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. झूम केल्याने फिकं अक्षर मोठं होतं, गडद होत नाही. शिवाय कित्येक पानांवर झूम बंदच करून ठेवलेलं असतं.

आणि मराठीचं काय? इंग्रजी मथळ्यांना ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवतात. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेघ तुटते आणि ‘महाराष्ट्र’ची अक्षरं दोरी तुटलेल्या तोरणासारखी सुटी पडतात. लाइन-हाइटचं, म्हणजे ओळींमधल्या अंतराचंही तसंच. आपल्या लिपीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीला पुरणारं अंतर ठेवलं, तर वरच्या ओळीतल्या ‘कृपया’चा ऋकार खालच्या ‘मर्यादा’च्या रफाराला जाऊन भिडतो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये ‘एमआर’ लिहून नोंदवलं, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. एका शब्दाचं काम आहे हे. तेही होत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आता कोड. ‘चालला म्हणजे झालं’ म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी २०१४ आठवावा. ॲपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये, समोरची वेबसाइट खरी की बनावट हे तपासणाऱ्या कोडमध्ये, ‘गोटू फेल’ (मधलं सोडून थेट ‘फेल’ या टप्प्यावर जा) ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ‘इफ’च्या, म्हणजे ‘जर’च्या अटीच्या, ताब्यात, दुसरी मोकाट. अटीत काय काय येतं ते बांधणारे महिरपी कंस ‘इफ’ला नव्हते आणि दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही अटीतल्याच वाटत. प्रत्यक्षात दुसरी दर वेळी चाले, पुढची सहीची तपासणी वगळली जाई आणि उत्तर येई ‘सगळं ठीक’. ओळ दोनदा कशीही आलेली असो, ती टिकली ती बरोबर दिसत होती म्हणून. कोड चालत होताच की! पुढे जीसीसी या कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ६ व्या आवृत्तीत अशा दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनसाठी, म्हणजे ओळी आत सरकवण्यासाठी, खास इशारा आला.

कोडमध्ये आखूड नावं दिली की साइट हलकी होते, हेही ऐकवतात. ब्राउझरला पाठवायचा कोड मिनिफायर नावाचा प्रोग्रॅम आपोआप आखडून देतो. मूळ फाइलमध्ये ‘एकूणशुल्क’ऐवजी ‘क’ लिहून कुणाचाही सेकंद वाचत नाही.

राहिला एआय. तो कोड झरझर वाचतो, पण जे लिहिलेलंच नाही ते कुठून वाचणार? गेल्या वर्षी माझ्याकडे एक जुना प्रकल्प आला. त्यात जागोजागी एकच अट, ‘स्टेटस = ३’. एआयला विचारलं, तर त्याने ‘बहुधा पूर्ण झालेली नोंद’ असा अंदाज दिला. मला तो पटेना. शेवटी तो कोड लिहून नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा नंबर शोधून फोन केला. तो म्हणाला, “तीन म्हणजे फी भरली, पण बँकेकडून पक्कं झालं नाही.” त्या अंदाजावर विसंबलो असतो, तर पैसे न पोचलेल्यांनाही पावत्या गेल्या असत्या. त्याच दुपारी मी त्या आकड्याला नाव दिलं, ‘बँकेची खातरजमा बाकी’, आणि अकरा फाइलींमधल्या त्या ‘३’च्या जागी ते नाव टाकलं.