काळा गाळ, पण कर्ब कुणाचा?

तलाव आटू लागले की मेसेज फिरायला लागतो: 'धरणातला काळा गाळ म्हणजे निव्वळ सेंद्रिय कर्ब (जीवांच्या अवशेषांतला कार्बन). सगळा आपल्याच शेतातून वाहून गेलेला. ट्रॉल्या भरून आणा, खताची पिशवी विसरा.'

गाळ काढायला कुणाचीच ना नाही. मुरमाड रानात तो ओल धरतो. बाकी दावे मात्र तपासून घेऊ.

काळा म्हणजे कर्बाचा? बेसाल्ट झिजून झालेली आपली जमीन काळी दिसते ती चिकणमाती, काही खनिजं आणि थोड्याशा ह्युमसमुळे (कुजून मुरलेल्या पालापाचोळ्यामुळे). मराठवाड्यातल्या कित्येक काळ्याभोर कोरडवाहू रानांत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही भरत नाही. शिवाय तळाशी हवा नसली की लोहाच्या सल्फाइडनेही गाळ काळा पडतो. वाळवला की तो रंग उतरतो.

'सगळा आपल्या शेतातला' हा दावा तर अधिकच डळमळीत. पाण्यात शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी बसतं. नाथसागराचं (जायकवाडी धरणाचं) पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते, उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, म्हणजे काही कर्ब धरणाच्या पोटातच पिकतो. हे वेगळं कसं करायचं? कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब, ते बघतात: शेवाळात साधारण ४ ते १०, झाडपाल्यात २० च्या वर. पण मुरलेल्या मातीत ते १० ते १२, म्हणजे शेवाळाला खेटूनच. म्हणून कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, मोजतात; जड अणूंचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी, ते उणे आकड्यात सांगतात. ज्वारी, ऊस उणे १३ च्या आसपास. कापूस, तूर, सोयाबीन उणे २७ च्या. ज्वारीचा माग लागतो, पण कापूस आणि शेवाळ पुन्हा एकमेकांत मिसळतात. मग लिग्निन शोधायचं, झाडाला ताठपणा देणारा पदार्थ, जो शेवाळ बनवत नाही. तिथेही जलपर्णी आडवी येते, तिच्यात लिग्निन असतं! आणि चुनखडीतही कर्ब असतो; ती आम्लाने आधी काढली नाही, तर आकडेच खोटे येतात. एकाच खुणेवर निकाल देणारा माणूस इथे हमखास फसतो.

हाच माग पार समुद्रापर्यंत लागतो. गोदावरीच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळात पानांवरच्या मेणाचे रेणू सापडले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून खोरं कोरडं होत गेलं आणि ज्वारीच्या गटातली गवतं वाढली, हे त्यांतून वाचता आलं. म्हणजे खोऱ्यातून वाहून गेलेला काही कर्ब समुद्रातही पोचत आला आहे.

खताचं म्हणाल तर अर्धा टक्का कर्बाच्या गाळात नत्र कर्बाच्या साधारण दहाव्या भागाइतकं, तेही सावकाश सुटणारं. भारी, चिबड जमिनीत तर गाळ टाकूच नका. आधीच पाणी साचतं तिथे.