पॉलिश मार आणि काढून टाक म्हणे!

आज नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. जेवताना माझ्या गाडीचा विषय निघाला. निघणारच, अख्ख्या खानदानाला ती कथा पाठ झालीये. तर आमचे एक भावजी श्रीखंड चाटत म्हणतात, "एवढं काय मनाला लावून घेतेस? झकास पॉलिश मार, नवे सीटकव्हर टाक आणि दे कुणाच्या तरी गळ्यात. एअरबॅगचा दिवा तसाही पेटत नाही!" अख्खी पंगत हसली. मला भरल्या ताटावरून उठावंसं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त काकांकडून आम्ही गाडी घेतली. पुणे पासिंग, सिंगल ओनर, फाइल एकदम टापटीप. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला होता. त्यानं इंजिन ऐकलं, चढावर चालवून पाहिली, ठोकलेली नाही म्हणाला. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. काका म्हणाले, "लेकीला देतोय असं समजून देतोय हो."

पहिला पाऊस पडला आणि गाडीच्या अंगात आलं! काचा आपोआप खाली, हॉर्न मध्येच बोंबलायला लागला, आणि कात्रजच्या घाटात गाडी बंद. इलेक्ट्रिशियननं सीट काढून कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ. कनेक्टरच्या पिना गंजून हिरव्यागार. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर तळाच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ.

काकांना फोन केला. बरंच आढेवेढे घेऊन म्हणाले, गाडी तेव्हा मुलाकडे चिपळूणला होती, "थोडं पाणी लागलं होतं." थोडं! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुरानं चिपळूणचं काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

हेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा, पेटूनच राहिला तर एअरबॅगमध्ये बिघाड, आणि आमचा पेटतच नव्हता. मीटर उघडलं तर दिव्यावर काळी चिकटपट्टी. कुणीतरी बसून, मापात कापून चिकटवलेली. माझी आई पुढच्याच सीटवर बसते. लाडू खिलवणाऱ्या घरातून ही गाडी आली, हे आठवलं की अजून डोकं सणकतं.

पोलीस म्हणाले, मॅडम, हे दिवाणी आहे. ग्राहक आयोगाकडे जावं तर घरची जुनी गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला एप्रिल २०२३ पासून आरटीओची परवानगी तरी लागते, काकांना कोण विचारणार? वकील मैत्रीण म्हणते, १८७२ च्या करार कायद्यात माहीत असलेला दोष मुद्दाम दडवणं म्हणजे फसवणूकच, कलम १७. नोटीस पाठवू. पाठवू, पण कोर्टात खेटे घालायला रजा कुठून आणू?

हो, सगळेच असे नसतात. ऑफिसातल्या एकानं त्याची अल्टो विकताना क्लचपासून एसीपर्यंत सगळी रडगाणी कागदावर लिहून दिली होती. आणि खरं सांगायचं तर काकांचीही मधूनच कीव येते. त्या पुरात मुलाचं दुकान गेलं म्हणे. तेव्हाच स्पष्ट बोलले असते, तर भाव कमी करून आम्ही कदाचित घेतलीही असती, वायरिंग बदलून घेतलं असतं.

पण भावजी, तुमचं कुठलं दुकान बुडालंय हो? गाळ नाही, पूर नाही, पोटभर श्रीखंड खाऊन तुम्ही मला कुणाच्या तरी आईला त्या सीटवर बसवायला सांगताय. आणि पंगत हसते! ती चिकटपट्टी काकांनी लावली असेल किंवा कुठल्या गॅरेजवाल्यानं, पण ती लावायची हिंमत अशा हसण्यातूनच येते. "कशी गळ्यात मारली" हे आपल्याकडे लोक लग्नाकार्यात टाळ्या देऊन सांगतात, आणि मूर्ख कोण ठरतो? घेणारा.

असो. बीपी वाढवून घेत नाही. पुण्यात वायरिंग हार्नेस आणि एअरबॅगचं काम करणारा भरवशाचा माणूस कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर द्या, खर्चाचा अंदाजही सांगा. "सेकंडहँड घेतलीसच कशाला" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी आधी खाली जाऊन स्वतःच्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून यावा. भावजींना टॅग केलेलं नाही, पण ते वाचतात.